गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते? स्टिरिओ आणि ॲम्प तपासायची सविस्तर पद्धत

शुक्रवारी रात्री गाडी लावली, सोमवारी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टिक टिक टिक, मीटरचे लाइट मिणमिणतात आणि इंजिन काही फिरत नाही. मग कोणाकडून तरी जंपर केबल आणायची, ऑफिसला उशीर, आणि संध्याकाळी बॅटरीवाल्याकडे गेलं की तो बघायच्या आधीच सांगतो, बॅटरी गेली साहेब, नवीन टाका. चार-पाच हजार जातात आणि पुढच्या लाँग वीकेंडला नवीन बॅटरीपण तशीच बसते. गाडीत बाहेरून स्टिरिओ, ॲम्प (स्पीकरचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) किंवा बेसट्यूब बसवलेली असेल तर पहिला संशय तिकडे घ्यायला हरकत नाही, फक्त संशयावर वायरी कापत सुटू नका, मीटर लावून बघा. तीन-चारशे रुपयांच्या मल्टीमीटरने हे काम घरच्या पार्किंगमध्ये होतं, वेळ मात्र निवांत पाहिजे.

आधी हिशोब समजून घ्या

बंद गाडीपण थोडा करंट खातेच. घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी, स्टिरिओची मेमरी, या सगळ्याला मिळून साधारण २० ते ५० मिलीअँपिअर जातात आणि ते नॉर्मल आहे. छोट्या पेट्रोल गाडीत बहुतेक ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ५० मिलीअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे बॅटरी अर्धी व्हायलाच दोन आठवडे लागतील.

आता समजा ॲम्प चालूच राहिला. गाणं वाजत नसतानाही ४ चॅनलचा ॲम्प अर्धा ते एक अँपिअर आरामात खातो, काही त्याहून जास्त. एक अँपिअर धरला तर २४ तासांत २४ अँपिअर-अवर, म्हणजे एका दिवसात खेळ खलास. पण खरा त्रास देतो तो मधला प्रकार, ३००-४०० मिलीअँपिअरवाला. रोज गाडी चालवली की अल्टरनेटर रात्रीचं नुकसान भरून काढतो आणि काही कळतच नाही, दोन दिवस सुट्टी पडली, गाडी जागची हलली नाही की मग समजतं. "रोज वापरली तर ठीक, उभी राहिली की बसते" असं असेल तर गळती आहे, म्हणजे बंद गाडीत कुठेतरी नको तेवढा करंट जातोय, असंच धरून चाला. उलट चालू गाडीत लाइट मंद होत असतील, बॅटरीचा लाल दिवा लागत असेल तर भानगड चार्जिंगची आहे, हा लेख त्यासाठी नाही.

काय काय लागेल

डिजिटल मल्टीमीटर ज्याला १० अँपिअर डीसीचं वेगळं भोक असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, किंवा ऑनलाइन कुठेही मिळतो. क्लॅम्प मीटर घ्यायचा विचार असेल तर तो डीसी अँपिअर मोजतो का ते नीट बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात, ते आपल्या काहीच कामाचे नाहीत. याशिवाय १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, दोन्ही टोकांना मगर क्लिप असलेली जाडसर वायर, आणि डॅशची ट्रिम काढायला प्लास्टिकची पट्टी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने ट्रिम उचकटलीत तर ओरखडे कायमचे राहतात.

बॅटरी काढायच्या आधी कंपनीच्या स्टिरिओला रेडिओ कोड लागतो का ते बघून ठेवा, काही गाड्यांत बॅटरी काढली की स्टिरिओ कोड मागतो आणि तो मॅन्युअलबरोबरच्या कार्डावर असतो, जे कार्ड कोणालाच वेळेवर सापडत नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलच्या जवळपास हात घालायचा नाही, ते काम सर्व्हिस सेंटरवरच.

पहिली पायरी: बॅटरीच धड आहे का

गाडी चार-पाच तास उभी असताना मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. १२.६ किंवा वर म्हणजे फुल्ल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग थोड्या वेळाने मोजा, नाहीतर वरवरचा फुगलेला आकडा दिसतो. इंजिन चालू करून मोजलं की १३.८ ते १४.५ च्या आसपास यायला पाहिजे. हल्लीच्या काही गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटर चालवतो, तिथे आकडा खालीवर होतो, तेवढ्याने घाबरू नका.

बॅटरी बसलेली असेल तर चार्जरवर लावून पूर्ण चार्ज करा आणि जमलं तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. जंपर लावून गाडी उठवली आणि अर्धा तास फिरवली म्हणजे चार्ज झाली असं नसतं. आणि बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असून अनेकदा पूर्ण बसलेली असेल, तर गळती सापडली तरी ती बदलावी लागू शकते, कारण लेड ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि क्षमता कमी होते.

दुसरी पायरी: डोळे, हात, कान

मीटर जोडायच्या आधी रात्री अंधारात गाडी बंद करा, लॉक करा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी टॉर्च न लावता आत डोकावून बघा. ॲम्पवर पॉवरचा एलईडी असतो, सीटखाली किंवा डिकीत तो निळा-लाल चमकताना दिसला तर अर्धं काम तिथेच झालं. तासाभराने ॲम्पच्या बॉडीला हात लावा, कोमट लागला तर तो जागा आहे. अँड्रॉइड स्टिरिओला मागे छोटा पंखा असेल तर कान लावून ऐका. एलईडी नाही, गरम नाही, आवाज नाही म्हणून ऑडिओला क्लीन चिट देऊ नका, स्टँडबायमधला स्टिरिओ बाहेरून मेल्यासारखाच दिसतो.

तिसरी पायरी: मीटर जोडणे, इथे घाई नको

बोनेट उघडं ठेवून मोजायचं आहे, पण गाडीला ते बंद वाटलं पाहिजे. बोनेटचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून "लागलेलं" करा. ड्रायव्हरच्या दाराचंही तसंच, दार उघडं पण लॅच लागलेलं. एवढ्यासाठी की पुढे तुम्हाला आत जाऊन फ्यूज काढायचे आहेत आणि दर वेळी दार उघडलं तर गाडी जागी होते. बोनेट किंवा दार आपटायच्या आधी लॅच हँडल ओढून परत उघडायचं, नाहीतर लॅचच वाकतं. पुश बटनवाली गाडी असेल तर चावी घरात ठेवून या, खिशात नाही. डिकीचा दिवा, ग्लोव्हबॉक्सचा दिवा, चार्जरला लावलेला फोन, डॅशकॅम हे सगळं बघून बंद.

आता मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, काळी COM लिहिलेल्या भोकात, आणि डायल १० अँपिअर डीसीवर. बॅटरीच्या मायनस टोकाला मगर क्लिपवाल्या वायरचं एक टोक लावा आणि दुसरं टोक मायनसच्या केबलच्या क्लॅम्पला. मग १० च्या पान्याने क्लॅम्प ढिला करून अलगद वर काढा. वायर जोडलेली असल्यामुळे गाडीचा सप्लाय तुटत नाही. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या टोकाला आणि दुसरी काढलेल्या केबलला पक्की लावा. गाडी झोपेपर्यंत, म्हणजे तिचे आतले कॉम्प्युटर शांत होईपर्यंत, ती जादा वायर तशीच राहू द्या, नंतर काढा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जायला लागेल.

ही वायर लावायचा आळस बरेच जण करतात. थेट केबल काढून मीटर लावला की गाडीचे सगळे मॉड्यूल एकदम जागे होतात, सेंट्रल लॉक खटकतं, आणि त्या झटक्यात मीटरचा फ्यूज उडू शकतो. मीटर लावलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, इग्निशनपण ऑन करायचं नाही. दार उघडायचं झालं तर आधी वायर परत लावायची. आणि प्लसच्या टोकाला पान्याने हात घालू नका, बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

चौथी पायरी: थांबा

जुन्या साध्या गाड्या दहा मिनिटांत झोपतात, नव्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. सुरुवातीला करंट दोन-चार अँपिअर असतो, मग टप्प्याटप्प्याने उतरतो. गाडी लॉक करून लगेच मोजलं, ८०० मिलीअँपिअर दिसले आणि "सापडली गळती" म्हणून डॅश उघडला, असं करणारे मेकॅनिकपण आहेत. चहा पिऊन या. परत आल्यावर जादा वायर काढा, आकडा ०.०५ च्या खाली असेल तर या क्षणी तरी गळती नाही. ०.१ च्या वर आणि तिथेच चिकटलेला असेल तर पुढे चला. आकडा मधूनच उडी मारून परत खाली येत असेल तर तेही लिहून ठेवा, काहीतरी दर थोड्या वेळाने जागं होतंय.

पाचवी पायरी: एकेक करून सोडवा

सुरुवात ॲम्पच्या मेन फ्यूजपासून. बॅटरीच्या प्लसवरून डिकीकडे जाणाऱ्या जाड वायरवर, बॅटरीजवळच फूटभराच्या आत हा फ्यूज असायला हवा. नसेल तर बॅटरीची गळती बाजूला ठेवा आणि आधी तो बसवून घ्या, ती वायर कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागते. फ्यूज काढा, मीटर बघा.

मग स्टिरिओ. इथे एक खोच आहे. बऱ्याच गाड्यांत स्टिरिओच्या मेमरीचा सप्लाय आतल्या दिव्याच्या, म्हणजे रूम किंवा डोम लिहिलेल्या फ्यूजवरूनच येतो, तो काढला की दिवा, स्टिरिओ, कधी मीटरचं घड्याळ असं सगळंच बंद होतं. आकडा उतरला म्हणून स्टिरिओवर आळ घेता येत नाही. स्टिरिओ बाहेर ओढून मागचा कपलर (वायरींचा प्लग) काढूनच खात्री करा.

फ्यूज काढल्या-घातल्यानेही काही गाड्या जाग्या होतात. त्यावर उपाय म्हणजे फ्यूज न काढता मीटर मिलीव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर पिना टेकवायच्या. शून्य म्हणजे त्यातून करंट जात नाही. १५ अँपिअरच्या पातीच्या फ्यूजवर १ मिलीव्होल्ट दिसला तर साधारण २०० मिलीअँपिअर जातायत असं समजा. अंदाज म्हणून पुरेसं आहे.

आता महत्त्वाचं. एका जुन्या हॅचबॅकवर मीटर ०.७१ वर अडकला होता. ॲम्पचा फ्यूज काढला, ०.१९ झाला. इथेच नव्वद टक्के लोक थांबतात, ॲम्प खराब म्हणतात आणि नवीन ॲम्प घेतात. पण ॲम्प बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याच्या रिमोटच्या वायरवर १२ व्होल्ट आले की तो उठतो, गेले की झोपतो. स्टिरिओचा कपलर काढला आणि मीटर ०.०२ वर आला. स्टिरिओ बाहेर ओढल्यावर मागे काळ्या टेपचा एक बोळा होता, टेप उन्हाने चिकट होऊन घसरलेली, आणि आत लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून गाडीच्या एकाच वायरला जोडलेली. मालक रोज पॉवरचं बटन दाबून स्क्रीन बंद करायचे आणि त्यांना वाटायचं स्टिरिओ बंद झाला. स्क्रीनच तेवढी काळी होत होती, रिमोटवर १२ व्होल्ट रात्रभर होते, ॲम्प रात्रभर जागा. करंट खाणारा एक, खायला लावणारा दुसरा, हे वेगळं काढल्याशिवाय दुरुस्ती करू नका.

वायरी कशा तपासायच्या

बाहेरच्या स्टिरिओच्या कपलरला बहुतेक हेच रंग असतात: पिवळी म्हणजे कायमचा प्लस, लाल म्हणजे एसीसी (चावी लावल्यावरच येणारा सप्लाय), काळी अर्थ, निळी अँटेनाची, निळी-पांढरी ॲम्पच्या रिमोटची. हे रंग स्टिरिओच्या बाजूचे. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, तिथे रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मीटरवरच ठेवायचा.

बॅटरीवरची जादा वायर परत लावा, मग मीटर काढून परत व्होल्टवर आणा आणि लाल पिन व्होल्टच्या भोकात घाला, ती १० अँपिअरमध्ये राहिली आणि तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात तर सरळ शॉर्ट होतो. काळी पिन बॉडीच्या अर्थला. चावी बंद, दार एकदा उघडून बंद केलेलं (काही गाड्या दार उघडेपर्यंत एसीसी चालूच ठेवतात). पिवळीवर १२ व्होल्ट हवेत. लालवर शून्य. निळ्या-पांढरीवर शून्य. लालवर १२ आले तर कपलर काढून गाडीच्या बाजूने मोजा, तिथेही १२ असतील तर कोणीतरी चुकीच्या वायरवरून सप्लाय घेतलाय, किंवा जुन्या गाडीत इग्निशन स्विचच घासलेला आहे आणि चावी काढल्यावरही एसीसी सोडत नाही. लालवर शून्य आणि तरी निळ्या-पांढरीवर १२, म्हणजे स्टिरिओ स्वतःहून झोपत नाहीये, किंवा रिमोटची वायर कोणी थेट प्लसला टॅप केलीय. स्टिरिओचा कपलर काढून ॲम्पच्या रिमोटच्या टोकावर परत मोजा, लगेच कळेल दोन्हीपैकी काय.

लाल-पिवळी का जोडतात? एक तर आपणच सांगतो, चावी काढली तरी गाणी चालली पाहिजेत, मग फिटर काय करणार. दुसरं, फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओच्या कपलरला एसीसीची वायर येतच नाही, चावी लागली-निघाली हा निरोप कॅनबसवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या निरोपाच्या वायरींवरून, येतो. फिटरला एसीसी सापडत नाही, कॅनबसचा डबा महाग, मग दोन्ही वायरी एकत्र पिळून मोकळा. अशा गाडीत एक तर त्या गाडीचा योग्य कॅनबस डीकोडर लावायचा, किंवा फ्यूजबॉक्समध्ये चावीबरोबर बंद होणारा एखादा फ्यूज शोधून तिथून फ्यूज टॅपने लालला सप्लाय द्यायचा. एअरबॅग, एबीएस, ईसीयूचे फ्यूज सोडून बाकी, सिगरेट लायटरचा चावीबरोबर बंद होत असेल तर सगळ्यात बरा. आणि लावलेला कॅनबसचा डबाच स्वस्तातला असेल तर कधी कधी तोच झोपत नाही, म्हणून तोही वेगळा काढून मीटर बघा.

अँड्रॉइड स्टिरिओची झोप

चावी लावली की दोन सेकंदांत स्क्रीन चालू होते म्हणून आपण खूश होतो, पण तो पूर्ण बंद झालेलाच नसतो, स्टँडबायमध्ये असतो. सेटिंगमध्ये किंवा फॅक्टरी सेटिंगमध्ये एसीसी बंद झाल्यावर किती वेळाने पूर्ण बंद व्हायचं याचा पर्याय बऱ्याच स्टिरिओत असतो, कुठे लगेच, कुठे अर्धा तास, कुठे काही दिवस. तो सगळ्यात कमीवर आणा. चालू व्हायला मग अर्धा मिनिट लागेल, लागू दे. फॅक्टरी सेटिंगला पासवर्ड असतो, विकणाऱ्याकडून घ्या, आणि आतले बाकीचे पर्याय उगाच छेडू नका, स्क्रीन उलटी होऊन बसते. वायरिंग बरोबर, सेटिंग बरोबर, आणि तरी शे-दोनशे मिलीअँपिअर खात असेल तर तो स्टिरिओच तसा आहे. पिवळीवर छोटा स्विच टाकून चालवता येतं, पण दर वेळी सेटिंग उडतं. बदला सरळ.

सीटखालच्या ॲक्टिव्ह सबवूफरमध्ये अजून एक गंमत असते. त्याला रिमोटची वायर न लावता स्पीकरच्या वायरवरून "ऑटो" मोडवर चालू करतात, आणि स्पीकरच्या वायरवर थोडं जरी व्होल्टेज राहिलं तर तो झोपत नाही. ऑटो बंद करून स्टिरिओच्या निळ्या-पांढरीवरून वेगळी रिमोट वायर ओढून घ्या, काम संपलं. पावसाळ्यात सीटखालचं कार्पेट ओलं राहिलं की कनेक्टरला हिरवा गंज चढतो, आणि बोनेटमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात, दोन्ही ठिकाणी टॉर्च मारून बघाच.

कंपनीचाच स्टिरिओ असेल, गाडी वॉरंटीत असेल आणि मीटरवर तोच दोषी दिसत असेल तर काही उघडू नका. मीटरच्या रीडिंगचा फोन व्हिडिओ काढा, ज्यात आकडा, वेळ आणि फ्यूज काढल्यावर उतरलेला आकडा दिसतो, आणि तो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. नुसतं "बॅटरी बसते" म्हटलं तर चार्ज करून परत देतात.

जोडणी करताना आणि नंतर

जॉइंट पिळून टेप मारण्यापेक्षा सोल्डर आणि हीट श्रिंक, किंवा निदान चांगला क्रिम्प. गाडीच्या मूळ वायरी कापण्यापेक्षा गाडीचा कपलर-टू-कपलर हार्नेस घ्या, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत बहुतेक गाड्यांचा मिळतो. बॅटरी परत जोडताना आधी प्लस, मग मायनस. काच एका टचने वर जात नसेल तर ती रिसेट करावी लागते, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

मग तीच परीक्षा परत घ्या, गाडी झोपवून मीटर लावा. आकडा ५० मिलीअँपिअरच्या आत आला की बॅटरी फुल्ल चार्ज करून संध्याकाळी व्होल्टेज लिहून ठेवा आणि गाडीला दोन रात्री हात लावू नका. १२.६ चे १२.५ झाले तर ठीक. १२.३ च्या खाली गेले आणि मीटर मात्र गळती नाही म्हणतोय, तर एक तर बॅटरी आतून गेलीय किंवा काहीतरी रात्रीतून अधूनमधून जागं होतंय. हे ओळखायला बॅटरीची मायनस केबल काढून तिला एक रात्र एकटी ठेवा. तरी उतरली तर बॅटरी बदला. नाही उतरली तर जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅमची पार्किंग मोडची वायर, नंतर बसवलेला अलार्म, रिव्हर्स कॅमेरा, या क्रमाने बघत जा, आणि सगळ्यात आधी डिकीचा दिवा खरंच विझतो का ते फोनचा व्हिडिओ चालू करून, फोन आत ठेवून, डिकी बंद करून बघा.